घमेल्याने खाल्लेली बोलणी

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे. माझा काठ वाकलेला आहे, बूड चेपलेलं आहे, आणि अंगावर काळ्या तेलाचा इतका जाड थर बसला आहे की माझा मूळ रंग कोणता होता हे आता मलाही आठवत नाही. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. गेली एकोणीस वर्षं कुमासी शहरातल्या सुआमे मॅगझिन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत लोक मला गाड्यांच्या पोटाखाली सरकवतात आणि वरून जे गळेल ते मी झेलतो. एवढ्या पोटांतली घाण पाहिल्यावर कोणाबद्दल फारसा आदर उरत नाही. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्मही इथलाच, मॅगझिनमधला. एका पत्रेवाल्याने तेलाचं रिकामं पिंप उभं चिरलं, सपाट केलं आणि ठोकठोकून त्यातून आम्हा भावंडांना काढलं. काम झाल्यावर तो माझ्याकडे असा बघत होता की जणू राजाचं सिंहासन घडवलंय. काठ एका बाजूला बोटभर वर होता. त्या माणसाच्या ते लक्षातही आलं नाही. आपण केलेलं काम दुसऱ्यांदा बघायचं असतं, हे या वस्तीत कोणाला शिकवलेलंच नाही.

माझी पहिली काही वर्षं केजेतियाच्या बाजारात गेली. तिथे उत्तरेकडून आलेली एक हमाल बाई डोक्यावर चुंबळ ठेवून मला वाहायची. माझ्यात कधी यामचे कंद असायचे, कधी टोमॅटो. याम म्हणजे नुसतं वजन. अक्कल नाही, आकार नाही. टोमॅटो म्हणजे रडवे. उन्हात जरा ठेवले की लगेच पाणी सोडायचे. आणि ज्यांचा माल असायचा त्या व्यापारणी पुढे ऐटीत चालायच्या. त्या बाईला हाक मारताना तिचं नाव घ्यायच्या नाहीत, "ए घमेलं!" म्हणायच्या. मला वाटायचं, मला हाक मारताहेत. पण त्या माझ्याखालच्या मानेला हाक मारत असायच्या. त्या मानेबद्दल मी वाईट बोलणार नाही. ती सरळ होती. एवढ्या वर्षांत मला सरळ म्हणावी अशी फार थोडी माणसं भेटली.

पुढे मी एका बांधकामावर गेलो. सिमेंटविषयी काय सांगू? कोरडं असताना हवेत उडतं, ओलं झालं की अंगाला चिकटून बसतं. माझी पाठ त्यानेच खरबरीत केली. मुकादमाने शेवटी मला भंगारात फेकलं आणि तिथून मामे पोकुआने मला उचललं.

मामे पोकुआला सगळं मॅगझिन मामे म्हणतं, म्हणजे आई. वय पन्नाशीचं. कडुनिंबाखाली तिचं टेबल आहे. त्यावर इंजिनच्या तेलाचे डबे रांगेने मांडलेले असतात. टेबलामागे सिमेंटचे दोन उतरते कट्टे आहेत. गाडी त्यांच्यावर चढवली की खाली माणूस सरपटत जाऊ शकतो. तेल तिच्याकडून घ्या, तर कट्टे आणि घमेलं वापरायला मोकळे, असा तिचा नियम आहे. त्यामुळे ज्यांचा मेकॅनिकवर विश्वास नाही, किंवा ज्यांना आपण मेकॅनिकपेक्षा शहाणे आहोत असं वाटतं, ते सगळे तिच्याकडे येतात. दुसऱ्या प्रकारचे जास्त येतात.

मामेला हे काम कोणी शिकवलं नाही. ती तरुण होती तेव्हा इथले मास्टर, म्हणजे उस्ताद मेकॅनिक, बायकांच्या हातात पाना देत नसत. ती नुसती बघायची. तेल बाहेर आलं की माझ्यात बोट बुडवायची, अंगठ्यावर चोळायची, हुंगायची. खरखरीत लागलं तर आतलं लोखंड झिजतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. पेट्रोलचा वास आला तर आणखी काहीतरी बिघडलंय. बायका सूप चाखून मीठ सांगतात, तसं ती तेल बघून इंजिनचं आयुष्य सांगते. तिला माझ्यात डोकावल्याशिवाय मला रिकामं करायची सवय नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तिच्याकडे राहिलो आहे.

बाकीच्यांची काय कथा! टॅक्सीवाले तर महिनोन्महिने तेल बदलतच नाहीत. कमी झालं की वरून ओततात. मग एक दिवस माझ्यात जे पडतं ते तेल नसतं, काळा चिखल असतो. तो टॅक्सीवाला वर डोकं खाजवत म्हणतो, "गाडीला नजर लागली." नजर! अरे, तुझी नजर तेल मोजायच्या कांडीवर एकदा तरी पडली असती तर ही वेळ आली नसती.

आणि शेजारी मास्टर अदाय. चाळीस वर्षं मॅगझिनमध्ये आहे. हात सोन्याचे आणि डोकं पत्र्याचं. गाडी जुनी असो, नवी असो, लहान असो, मोठी असो, तो तिच्यात घट्ट तेलच घालणार. देश गरम, म्हणून तेल घट्ट हवं. त्याच्या सगळ्या विद्येचं सार एवढंच. नव्या इंजिनातल्या फटी केसाएवढ्या असतात आणि सकाळी गाडी चालू करताना घट्ट तेल तिथवर वेळेत पोचत नाही, हे त्याला कोणी सांगितलं तर तो हसतो. हसला की त्याचे दोन पडलेले दात दिसतात. तेही त्याने असंच कुणाचं न ऐकून घालवले असावेत.

आता तुम्हाला त्या शुक्रवारची गोष्ट सांगतो. त्या दिवशी माझा जितका अपमान झाला तितका आधी कधी झाला नव्हता.

वाळवंटावरून धूळ यायचे दिवस होते. सकाळपासून आभाळ पिवळट होतं. दहाच्या सुमाराला एक छोटी निळी गाडी कट्ट्यांपाशी आली. गाडी एक मुलगी चालवत होती आणि शेजारी टीचर असियामा बसले होते. टीचर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण चालताना अजूनही त्यांच्या काखेत पुस्तक असायचं. त्या दिवशी ते गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक होतं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. तेल बदलायला पांढरा शर्ट! मी तिथेच ओळखलं की आज काही खरं नाही.

मुलीचं नाव दुफी. टीचरांची धाकटी. ती सुईणकीचं शिक्षण घेऊन नुकतीच पास झाली होती आणि तिची नेमणूक अतेबुबूच्या पुढे एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली होती. तिथली आधीची सुईण निघून गेली होती. सोमवारपासून दुफी एकटी. मागच्या सीटवर गादी, स्टोव्ह, गारीचं, म्हणजे कसाव्याच्या रव्याचं, पोतं आणि बाळंतपणाच्या सामानाची पेटी होती. तेल बदललं की इथूनच ती थेट निघणार होती. एजुरा गाव ओलांडलं की त्या रस्त्यावर मैलोन्मैल माणूस दिसत नाही. फोनही लागत नाही.

"मामे पोकुआ," टीचर म्हणाले, "चार लिटरचा डबा दे. पातळ. पाच-तीसचा."

"बसा टीचर, पाणी घ्या आधी," मामे म्हणाली. चौथीपर्यंत ती त्यांच्याच वर्गात होती. पाढे त्यांनीच शिकवले होते आणि छडीही त्यांनीच मारली होती. पाचवीत तिचं नाव कोणी घातलं नाही, तेव्हा तिच्या आईला समजावायला घरी आले होते तेही हेच.

शेजारी मास्टर अदाय केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि तळलेला मासा खात बसला होता. त्याला गप्प राहवलं नाही.

"पातळ तेल? या उन्हात? टीचर, पातळ सूप पिऊन माणूस दुपारपर्यंत उभा राहत नाही, आणि ही गाडी अतेबुबूला जाणार म्हणता! चाळीसचं घट्ट घाला. पोटाला आधार होईल."

"इंजिन फुफूचे गोळे खात नाही, मास्टर," टीचर म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय. तेलाच्या झाकणावरसुद्धा कोरलंय. वाचता येत असेल तर वाचा."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मास्टर अदायच्या बोटांतला मासा तसाच राहिला. त्याला वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते कोणी बोलत नाही.

मला चीड कशाची आली सांगू? टीचर बरोबर होते. त्या गाडीला पातळच तेल हवं होतं. पण बरोबर असणाऱ्या माणसाने एवढं बरोबर असू नये. पुढची चूक तिथूनच सुरू होते.

"सील बघून घ्या," मामेने डबा पुढे केला. तिचा हा दुसरा नियम. सील ग्राहकानेच तोडायचं.

मग टीचरांचा वर्ग सुरू झाला. "दुफी, लक्ष दे. तिकडे तुला कोणी मेकॅनिक भेटणार नाही, आणि भेटला तरी तो तुला फसवेल. आधी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं. तेल कोमट झालं की घाण घेऊन उतरतं. गाडी हलणार नाही अशी उभी करायची. हँडब्रेक वर. चाकामागे दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी शिरायचं नाही. समजलं?"

"समजलं, पापा."

"मी काय सांगितलं?"

"जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही," दुफी निमूटपणे म्हणाली. सव्वीस वर्षांची मुलगी. सोमवारपासून लोकांची बाळं जन्माला घालणार होती. आणि इथे उजळणी चालली होती.

"मी करून पाहू का, पापा?"

"आधी बघ. मग कर."

टीचर पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि पाना घेऊन खाली सरपटले. मला त्यांनी ढकलत पुढे आणलं. वर बघितलं आणि पहिला दिसला तो नट सोडला.

मित्रांनो, गाडीच्या पोटाला दोन नट असतात. एक इंजिनचा, दुसरा गिअरबॉक्सचा. काही गाड्यांत ते हातभर अंतरावर असतात आणि सख्ख्या भावांसारखे दिसतात. पुस्तकात त्यांचं चित्र आहे. पुस्तक वर बॉनेटवर ठेवलेलं होतं.

पहिला थेंब माझ्यात पडला आणि मला कळलं. तो लाल होता. आपोआप गिअर बदलणाऱ्या अशा गाडीत गिअरबॉक्सचं तेल लाल असतं, इंजिनचं वापरलेलं तेल काळं असतं. यात विद्वत्ता कसली आली? पण मला काही सांगता येईना. मी म्हणजे नखशिखांत तोंडच तोंड, पण त्यात जीभ नाही.

"दुफी, इकडे ये, बघ!" टीचर गाडीखालून ओरडले. त्यांचा आवाज आनंदाने भरून आला होता. "पाम तेलासारखं लाल! ताज्या पाम तेलासारखं! याला म्हणतात निगा राखणं. लोकांच्या गाडीतून डांबर निघतं आणि आपल्या गाडीतून बघ काय निघतंय!"

हा इथलाच वेडेपणा. आमच्या भागात लाल तेल म्हणजे चांगलं तेल. आई भांड्यात ओतते ते लाल. लग्नाच्या स्वयंपाकात तरंगतं ते लाल. लाल दिसलं की इथल्या माणसाचा जीव सुखावतो आणि तो पुढचा विचार करायचा थांबतो.

नंतर त्यांनी फिल्टर काढला. त्यातून मात्र काळी धार लागली आणि माझ्यातल्या लालात सरसर पसरली. याहून उघड पुरावा कोणता हवा? टीचर म्हणाले, "ही फिल्टरमधली घाण. म्हणूनच फिल्टर बदलायचा असतो." नव्या फिल्टरच्या रबरी कडीला त्यांनी बोटाने तेल लावलं, तो हाताने आवळला, नट पुसून लावला. सगळं नियमाप्रमाणे. चुकीच्या जागी इतकं नीट काम मी आजवर पाहिलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी चार लिटर नवं तेल इंजिनमध्ये ओतलं. त्या इंजिनमध्ये जुनं चार लिटर होतंच. कांडी काढून पाहिली तर तेल खुणेच्या कितीतरी वर. टीचर क्षणभर थबकले. मग म्हणाले, "गाडी कट्ट्यावर तिरकी आहे. सपाटीवर बरोबर दाखवेल."

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. वर्गात आयुष्य घालवलं की माणसाला हा रोग जडतो.

मास्टर अदाय मघाशीच हात धुण्याच्या निमित्ताने येऊन माझ्यात डोकावून गेला होता. त्याला एका नजरेत कळलं होतं. तो परत जाऊन बसला आणि मासा खाऊ लागला. आता सावकाश, चवीने.

मामे या वेळेपर्यंत टेबलापाशी ट्रोट्रो नावाची मिनीबस चालवणाऱ्या एकाशी ब्रेकच्या तेलावरून हुज्जत घालत होती. तो गेल्यावर ती मला रिकामं करायला आली. वाकली. बोट बुडवायची गरजच पडली नाही.

"मास्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पाहिलंत?"

"काय?"

"गिअरबॉक्स रिकामा केलाय. इंजिनमध्ये दुप्पट तेल आहे."

"असं?" मास्टर अदायने मासा चघळला. "मला वाचता येत नाही, मामे. मी काय सांगणार? गप्प बस. आज ना उद्या ही गाडी ओढत माझ्याच दारात येणार आहे."

"पोरगी एकटी आहे त्यात."

"पोरीचा बाप शहाणा आहे ना."

मित्रांनो, चिखलासारखं तेल मी गिळलं आहे. पाणी, पेट्रोल, एकदा मेलेला उंदीर, सगळं गिळलं आहे. पण त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडात जे होतं त्याची किळस मला त्या सगळ्याहून जास्त आली.

मामे तशीच उभी राहिली. तिची अडचण मला कळत होती, कारण मीही इथलाच आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'तुम्ही चुकलात' म्हणत नाहीत. राजाच्या दरबारातसुद्धा राजाशी थेट बोलायचं नसतं, सोन्याची काठी धरलेल्या माणसाकरवी बोलायचं असतं. साधा वावगा शब्द उच्चारायचा तरी आधी 'सेबे' म्हणून माफी मागायची. आणि इथे तर स्वतःचे टीचर. त्यात त्यांची मुलगी समोर. त्यात भोवती सगळं मॅगझिन. मुलीला बाजूला घेऊन सांगावं, तर टीचर तिच्या खिडकीला चिकटून शेवटच्या सूचना देत होते. दुफीने पट्टा बांधला होता. किल्ली लावली होती.

मामेने पदर खोचावा तसं कमरेचं कापड घट्ट केलं. मग तिने मला एक लाथ मारली.

"अरे घमेल्या!" ती अशी ओरडली की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. "मेल्या, लाज वाटते का रे तुला?"

मी हादरलो. एकोणीस वर्षांत तिने मला कधी पाय लावला नव्हता.

"एवढं वय झालं तुझं! अख्ख्या मॅगझिनला तू शिकवलंस, आणि आज तुला काळं कुठलं नि लाल कुठलं कळेना?"

टीचरांनी मान वळवली. "मामे, कोणाला बोलतेस?"

"घमेल्याला, टीचर. सेबे, तुमच्यासमोर आवाज चढला."

"भांड्याला काय कळतंय?"

"तेच तर रडगाणं आहे, टीचर! कळत नाही आणि कोणाला विचारतही नाही. पहिलं दिसलं त्याच्याखाली जाऊन बसतं!" आणि ती पुन्हा माझ्याकडे वळली. "शेजारचा दिसला नाही का रे तुला? हातभरावर होता! जे रिकामं करायचं ते भरलेलंच ठेवलंस आणि जे भरलेलं हवं ते रिकामं करून बसलास. आता कोणी त्या रस्त्याला लागलं आणि एजुराच्या पुढे चाकं थांबली, तर तू जाणार आहेस का ओढायला? गिळगिळ गिळतोस नुसता, ढोल्या!"

माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. मी, ज्याला पहिल्या थेंबालाच कळलं होतं! मी, ज्याने जन्मात एकदाही तेल ओळखायला चूक केली नाही! आणि त्या सगळ्या बिनडोक माणसांसमोर मूर्ख कोण ठरत होतं, तर मी. आसपासचे लोक हातातली कामं थांबवून बघत होते. त्यांना बरोबर कळत होतं की बोलणी कोणासाठी आहेत. ती खात मात्र मी होतो.

टीचरांचा चेहरा ताठ झाला. ज्याला अर्धं कळलं आहे आणि अर्धं कळून घ्यायचं नाही, त्याचा चेहरा असा होतो. "दुफी, निघ तू," ते म्हणाले. "ऊन वाढतंय."

दुफीने किल्ली फिरवली नाही. तिने पट्टा सोडला, दार उघडलं, खाली उतरली आणि माझ्यापाशी गुडघ्यावर बसली. बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. हुंगलं.

"कशाला हात घाण करतेस?" टीचर म्हणाले.

"पापा, मी सुईण आहे. बाहेर काय आलं ते बघितल्याशिवाय मी कोणालाच घरी पाठवत नाही."

ती बराच वेळ माझ्यात बघत होती. मग माझ्याशीच बोलली, अगदी हळू, पण टीचरांना ऐकू जाईल इतकंच हळू. "घमेल्या, खरं सांग. इंजिनमध्ये धूर खाल्लेलं तेल कधी लाल येईल का रे?"

टीचरांनी बॉनेटवरचं पुस्तक उचललं. पानं उलटली. एका पानावर थांबले. मग पुस्तक मिटून पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि खाली गेले. मी त्यांच्या डोक्याशी होतो. ते वर बघत होते. एक नट, आणि हातभरावर दुसरा. बाजूला मुलीच्या पायांतल्या चपला दिसत होत्या. त्या चपलांकडे बघत ते पडून राहिले. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी अख्खं इंजिन सुटं केलं असतं.

बाहेर आले तेव्हा पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत लाल-काळा पट्टा होता.

"खाली दोन नट आहेत," ते म्हणाले. "दुसरा दाखवायचा राहिला."

राहिला म्हणे!

"मग आता मला करू द्या, पापा," दुफी म्हणाली. "पहिल्यापासून. माझ्या हाताने."

मामेने मला वापरलेल्या तेलाच्या पिंपात रिकामं केलं. टीचरांच्या मनात आलं होतं की ते लाल तेल गाळून परत घालावं. मामेने नुसतं माझ्या बुडाकडे बोट दाखवलं. या बुडावरची घाण एकदा गिअरबॉक्समध्ये गेली की तो तिथेच संपला. मला तिचं बोट दाखवणं आवडलं नाही, पण ती खोटं बोलत नव्हती.

दुफी कट्ट्याखाली शिरली, दुसरा नट शोधला, सोडला. आता जे आलं ते काळं होतं. इंजिनचं जुनं तेल, त्यात टीचरांचं नवंकोरं चार लिटर मिसळलेलं. टीचर ते बघत उभे होते. या वेळी पाम तेलाची आठवण कोणी काढली नाही.

नट लावून मामेच्या दुसऱ्या डब्यातलं तेल भरायचं, एवढं इंजिनचं काम ती करू शकत होती. गिअरबॉक्सचं नाही. त्यात तेल कांडीच्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने घालावं लागतं, इंजिन चालू ठेवून, गिअर फिरवत, हाताने अंदाज घेत. हे मॅगझिनमध्ये एकाच माणसाला चोख येतं, आणि तो दात कोरत बसला होता.

टीचर चालत त्याच्यापाशी गेले. "मास्टर."

"बोला."

"मला मदत हवी आहे."

"पुस्तकात नाही का लिहिलेलं?"

"लिहिलंय," टीचर म्हणाले. "पण पुस्तकाला हात नाहीत. मघाशी मी जे बोललो ते चारचौघांत बोलायला नको होतं. सेबे, मास्टर."

मास्टर अदायने त्यांच्या शर्टावरच्या पट्ट्याकडे बघितलं. मग उठला. "पोरगी जाते आहे म्हणून," तो म्हणाला, "तुमच्यासाठी नाही." हात फडक्याला पुसून तो कामाला लागला. गिअरबॉक्सच्या तेलाच्या डब्यावरचा प्रकार त्याने दुफीकडून मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. घट्ट-पातळ काहीही न बोलता. काम चोख केलं, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय. म्हणून मघाची त्याची गोष्ट मी विसरलो आहे असं समजू नका.

दुपार झाली होती. गाडी कट्ट्यावरून उतरली, सपाटीवर उभी राहिली. दुफीने स्वतः दोन्ही कांड्या पाहिल्या. दोन्हीकडे तेल खुणेवर. ती आत बसली. इंजिन चालू होतं. टीचर खिडकीपाशी गेले नाहीत. ते माझ्याकडे आले आणि गाडीकडे पाठ करून माझ्यासमोर उकिडवे बसले.

"घमेल्या," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "सेबे. नट मी चुकीचा सोडला. तुझा दोष नव्हता. तिला तसंच पाठवलं असतं तर..." त्यांनी माझा वाकडा काठ धरून ठेवला होता.

गाडीची काच खाली होती. दुफीने सगळं ऐकलं. मग तिने खिडकीतून मान काढली आणि मलाच म्हणाली, "घमेल्या, त्यांना सांग, पोचल्या पोचल्या फोन करते. आणि म्हणावं, शर्ट आजच भिजत घाला, नाहीतर डाग जाणार नाही."

टीचरांनी मागे वळून बघितलं नाही. पण माझा काठ सोडून हात वर केला आणि गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत तसाच धरला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी त्यांना माफ केलं. मुळीच नाही. भर बाजारात शिव्या खाल्ल्या मी, लाथ खाल्ली मी, आणि मामेने मला त्याबद्दल अजूनही 'सेबे' म्हटलेलं नाही. तुमची माणसं अशीच आहेत. एकमेकांना सांगायचं ते भांड्याला सांगतात.

तेव्हा मोठे व्हाल आणि स्वतःची गाडी घ्याल, तेव्हा पातळ तेल घाला की घट्ट, ते झाकणावर वाचून घाला. नट सोडण्याआधी शेजारचा नट बघा. आणि बाहेर काय आलं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय वरून काही ओतू नका. वापरलेलं तेल गटारात टाकू नका, आमच्यात टाका. ते झेलायला आम्ही आहोत. पण चुकलात तर ते मात्र माणसाजवळ जाऊन सांगा. तेही आमच्याच पोटात ओतलंत, तर ते रिकामं करायला मामेपाशी पिंप नाही.